पूर्णवेळ चित्रकार : नोकरी सोडण्याआधी कोणता हिशेब मांडावा?

कुंचला :
माझी भाची टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयात शिकली आणि सध्या एका शाळेत चित्रकला शिकवते. येत्या एप्रिलमध्ये राजीनामा देऊन पूर्णवेळ चित्रकलेवर जगण्याचा तिचा विचार आहे आणि घरातील सर्वांचा त्याला विरोध आहे. मी स्वतः पुण्यात अकरा वर्षे याच व्यवसायावर जगत असल्यामुळे माझे मत विचारले गेले. माझे मत असे, की तिने नोकरी अवश्य सोडावी; मात्र चित्रे विकून पोट भरेल ही कल्पना त्याआधी सोडावी. माझ्या वहीप्रमाणे गेल्या वर्षीच्या उत्पन्नात भिंतीवर टांगायच्या चित्रांचा वाटा जेमतेम एक पंचमांश होता. बाकीचे पैसे मुखपृष्ठे, दिवाळी अंकांतील रेखाटने, एका उपाहारगृहाची भिंत (तीन आठवडे परांचीवर उभे राहून) आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे वर्ग यांतून आले.

मी केलेली सर्वांत महाग चूक मात्र रंगांची नव्हती, कागदाची होती. सुरुवातीच्या काळात एका प्रकाशकाला मी सहा हजार रुपयांत मुखपृष्ठ करून दिले, करार केला नाही, आणि पुढे तेच चित्र दुसऱ्या आवृत्तीवर, दिनदर्शिकेवर आणि शेवटी कापडी पिशवीवरही दिसले. 1957च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 17 नुसार मोबदला देऊन काढवून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसल्यास, ते काढवून घेणारा असतो, हे मला तेव्हा कोणी शिकवले नव्हते. आता मी चित्राचे पैसे वेगळे आणि वापराचे वेगळे लावते : कोणत्या पुस्तकासाठी, किती आवृत्त्यांसाठी, किती वर्षांसाठी. हा व्यवसाय टिकतो तो अशा चार ओळींच्या पत्रावर.

पेठकर :
मी तीस वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालो आहे आणि आपल्या मताशी पूर्णपणे असहमत आहे. आपल्याच वहीवरून असे दिसते, की आपण एक धनी सोडून चार धनी पत्करले. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी सरकारी विणकर सेवा केंद्रात अनेक वर्षे नोकरी केली आणि त्याच काळात स्वतःची चित्रभाषा घडवली. चित्र विकले जाईल की नाही, ही चिंता त्यांच्या कुंचल्यावर बसलेली नव्हती. ज्याला घरभाडे चित्रातूनच भरायचे आहे, तो तिसऱ्या वर्षी गणपती आणि घोडेच रंगवू लागतो, हे मी माझ्या विद्यार्थ्यांमध्ये पाहिले आहे. शिवाय बालगंधर्व कलादालनात प्रदर्शन भरवायचे म्हटले तरी भाडे, चौकटी आणि निमंत्रणपत्रिका यांचा खर्च आधी होतो, विक्री झालीच तर नंतर. खासगी दालने तर किमतीचा तिसरा हिस्सा, कधीकधी निम्माही, स्वतःकडे ठेवतात.

जमाखर्च :
कुंचलाताई, आपल्या वहीत एक रकाना राहिला आहे, असे वाटते. माझे यजमान शिल्पकार आहेत आणि मी बँकेत नोकरी करते. लोक त्यांना स्वावलंबी कलाकार म्हणतात तेव्हा मी गप्प बसते. परंतु आरोग्यविम्याचा हप्ता, मुलाचे शुल्क आणि मातीकामाच्या जागेचे भाडे माझ्या पगारातून जाते. पुण्यातील जे कलाकार ‘पूर्णवेळ’ म्हणवतात, त्यांतील किती जणांचे घर वडिलोपार्जित आहे आणि किती जणांच्या जोडीदाराला एक तारखेला पगार मिळतो, हे विचारल्याशिवाय कोणत्याही मुलीला सल्ला देऊ नये.

कुंचला :
जमाखर्चताई, आपला आक्षेप मान्य आहे. आम्ही राहतो ते नारायण पेठेतील घर सासूबाईंचे आहे. भाडे भरावे लागले असते तर पहिली तीन वर्षे मी निभावली नसती. हे मी आधीच लिहायला हवे होते.

पेठकर सरांचे म्हणणे मात्र पटत नाही. बरवे यांच्या नोकरीत वस्त्रांच्या आकृतिबंधांचेच काम होते, डोळा दिवसभर कामाला लागलेला असे. माझी भाची तासिका तत्त्वावर शिकवते. शाळा बंद असते त्या महिन्यात तिला मानधन नाही, आणि पुढील वर्षी जागा राहील याची हमीही नाही. आपण ज्या सुरक्षिततेसाठी तिला थांबायला सांगता, ती तिच्याकडे मुळातच नाही.

पेठकर :
तासिका तत्त्वाचा उल्लेख आपण पहिल्याच लेखनात केला असता, तर माझे उत्तर वेगळे झाले असते. माझ्या पिढीने नोकरी म्हणून जे पाहिले, ते आता उरलेले नाही, हे मी कबूल करतो. घोड्यांबद्दलचे मत मात्र कायम आहे.

तरीही एप्रिलची घाई मला चुकीची वाटते. दिवाळी अंकांची कामे साधारणपणे जून-जुलैत येतात आणि त्यांचे पैसे दिवाळी उलटून गेल्यावर, अनेकदा मार्चमध्ये, हाती पडतात. म्हणजे एप्रिलमध्ये बाहेर पडणारी मुलगी किमान सात-आठ महिने केवळ वर्गांच्या शुल्कावर काढणार. तिने यंदाची कामे शाळेत असतानाच घ्यावीत, आपल्या त्या चार ओळींच्या पत्रावर सह्या घेऊनच घ्यावीत, आणि ते पैसे प्रत्यक्ष खात्यात जमा झाल्यावर राजीनामा द्यावा. पत्राचा नमुना तिला आपण द्यालच. जमल्यास एक प्रत मलाही पाठवावी, माझे दोन जुने विद्यार्थी याच खड्ड्यात पडलेले आहेत.