दादाला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचंय, डिप्रेशनच्या गोळ्या चालू असताना घेतात का?

कऱ्हाडची_धाकटी:
नमस्कार, दादा ४१ वर्षांचा, सकाळी दारू घेतल्याशिवाय चहाची कपबशी धरवत नाही, नुसती खडखडते. दोन वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या आहेत, कधी घेतो कधी नाही. गावातले म्हणतात एका ठिकाणी फोन केला की गाडी येते, उचलून नेतात, तीन महिने भेटूही देत नाहीत. वहिनी तयार आहे, मला धीर होत नाहीये.

पुन्हा_उभा:
ताई, हात जोडतो, गाडीवाल्यांकडे नको. मला २०१७ ला तसंच नेलेलं, डॉक्टर नाही काही नाही, तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्याच मुंग्या दिसायला लागल्या, मी हातानं झटकतोय आणि ते म्हणतायत नाटकं करतोय. सुटलो त्याच दिवशी प्यायलो, घरच्यांच्या रागानं. नंतर दुसरीकडे स्वतःच्या पायानं गेलो तेव्हा कुठं फरक पडला.

वॉर्डातली_सिस्टर:
वरच्या दादांचं ते नाटक नव्हतं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भास, बरळणं, त्यात जीवही जातो. म्हणून घरीही एकदम बंद करू नका, आधी मानसोपचार ओपीडीला न्या, तिथं विड्रॉवलची, म्हणजे दारू तुटल्यावरच्या त्रासाची औषधं आणि बी-१ ची इंजेक्शनं देतात. गोळ्या चालू आहेत म्हणून अडत नाही, पण सायकियाट्रिस्ट असलेलंच केंद्र बघा, डिप्रेशन तसंच राहिलं तर माणूस परत बाटलीकडे जातो. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूचं व्यसनही येतं, साखळीनं बांधणं चालत नाही. कुणी सांगितलं तरी जेवणातून गुपचूप दारू सोडायची गोळी देऊ नका, वर प्यायला तर जिवावर बेतेल. रात्री-अपरात्री काही विचारायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलतात.

सुमन_पुणे:
पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, अवचट डॉक्टर दांपत्यानं १९८६ ला सुरू केलेलं, ३५ दिवसांचा कोर्स. तिथं पिणाऱ्यांच्या बायकांसाठी सहचरी गट आहे, वहिनींना नक्की सांगा, आपणही आतून पार मोडलेलो असतो गं.

कऱ्हाडची_धाकटी:
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री दादाशी बोलले, बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, तू येशील ना सोडायला? सोमवारी ओपीडीला नेतेय, गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या पण पिशवीत टाकल्यात.