मदत हवी आहे: जुळ्या भावांपैकी काकांना पार्किन्सन, आता बाबांचं काय?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले. माझे बाबा आणि काका जुळे, वय ६८. दिसायला इतके सारखे की पदेर (पाववाला) अजूनही एकाचे पैसे दुसऱ्याकडे मागतो. काकांना साठी उलटल्यावर पार्किन्सनचं (हालचाली मंदावणारा, हात थरथरवणारा मेंदूचा आजार) निदान झालं, औषधं चालू आहेत. बाबा अजून ठणठणीत.

मागच्या चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधताना काकांना केवणीच्या (झाडाच्या सालीच्या) दोराची गाठ मारता येईना. बोटं दोरावर नुसतीच फिरत राहिली. बाबांनी काही न बोलता दोर स्वतःच्या हातात घेतला. तेव्हापासून ते स्वतःचे हात न्याहाळत असतात. परवा मला विचारलं, "माझी पाळी कधी गो?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा.

मिळेल ते वाचून काढलं. अमेरिकेत कॅरोलाइन टॅनर आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जुळ्या सैनिकांची नोंदवही घेऊन १९,८४२ पुरुषांचा अभ्यास केला, तो १९९९ साली छापून आला. जुळ्यांपैकी एकाला पार्किन्सन असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण समरूप जुळ्यांत (एकाच बीजापासूनचे, जनुकं सारखी) साधारण १५.५ टक्के आणि असमरूप जुळ्यांत (वेगळ्या बीजांपासूनचे, साध्या भावंडांसारखे) ११ टक्के निघालं. दोघांत फारसा फरक नाही, म्हणजे उतारवयात होणाऱ्या आजारात जनुकांचा हात मोठा नसावा. पन्नाशीच्या आत सुरू झालेल्यांचं चित्र वेगळं होतं. तिथे समरूप जोड्यांत दोघेही आजारी सापडले, पण अशा जोड्या चारच होत्या.

हे वाचून मला धीर आला. मग लंडनचा, त्याच वर्षीचा पेट स्कॅनचा (मेंदूचं काम दाखवणारी तपासणी) अभ्यास दिसला. ज्या जुळ्या भावंडाला लक्षणं नव्हती त्याच्याही मेंदूत बऱ्याचदा डोपामिनचं (या आजारात कमी पडणारं मेंदूतलं रसायन) काम मंदावलेलं आढळलं. समरूप जोड्यांत ५५ टक्के, असमरूप जोड्यांत १८. आता यातलं खरं काय धरायचं?

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. दोघे एका घरात वाढले, एकाच विहिरीचं पाणी प्यायले. पुढे बाबा कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) राहिले आणि काका वास्कोला एका वर्कशॉपमध्ये लागले. तिथे यंत्रांच्या सुट्या भागांचं ग्रीस काढायला ते एका द्रावणात हात बुडवत, हातमोजे नसत. त्याला गोडसर वास यायचा, एवढं त्यांना आठवतं. २०१२ साली ९९ जुळ्या जोड्यांचा अभ्यास आला, प्रत्येक जोडीत एक आजारी आणि एक निरोगी. कामावर ट्रायक्लोरोइथिलीन हाताळलेल्यांना धोका सुमारे सहापट दिसला. हे रसायन ग्रीस काढायलाच वापरतात. काकांच्या डब्यात तेच होतं असं मी म्हणत नाही. पण हे शोधायचं कसं? आणि दोघांची जनुक तपासणी करून घ्यावी का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद: सत्तरीची_मावशी

मी मेंदूविकार विभागात बरीच वर्षं परिचारिका होते, त्या अनुभवावरून लिहिते. दोन्ही अभ्यास खरे आहेत. पहिल्यात लक्षणं मोजली, दुसऱ्यात लक्षणांआधीचे बदल. हा आजार वर्षानुवर्षं आत मुरत असतो, त्यामुळे आज निरोगी मोजलेला भाऊ दहा वर्षांनी आजारी निघू शकतो. म्हणूनच जुळ्यांचा पाठपुरावा दीर्घकाळ करावा लागतो. स्वीडनमधल्या जुळ्यांवरून २०११ साली आनुवंशिकतेचा वाटा साधारण एक तृतीयांश (३४ टक्के) काढला गेला. पण तो आकडा समाजाचा आहे, एकेका माणसाचा नाही. "बाबांना ३४ टक्के धोका" असा त्याचा अर्थ कृपया लावू नका.

तपासणीची घाई नको. ती आधी आजारी माणसाची करतात, आणि साठीनंतर सुरू झालेल्या, घरात दुसरं कोणी नसलेल्या आजारात तिच्यातून बहुधा फार हाती लागत नाही. शिवाय ते समरूप असतील तर काकांचा अहवाल हाच बाबांचा अहवाल. तेव्हा रक्त देण्याआधी दोघांनाही विचारा, "तुम्हाला हे कळायला हवंय का?" समुपदेशनाशिवाय हे करूच नका. आणि दिसणं सारखं म्हणजे समरूपच असं नाही, खात्री डीएनए तपासणीनेच होते.

बाबांना वास कमी येतो का, झोपेत ते ओरडतात, लाथा मारतात का, बद्धकोष्ठता आहे का, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. यातलं काही असलं म्हणजे पार्किन्सन होणारच असं नाही. आजार रोखणारं सिद्ध औषध अजून नाही, पण चालणं-फिरणं, कुळागरातलं काम चालू राहू दे. डोक्याला जुना मार लागून शुद्ध हरपली होती का, हेही दोघांना विचारून ठेवा.

धागाकर्ती:

मावशी, मनापासून आभार. तपासणीचं दोघांना समोर बसवून विचारीन, माझ्या मनाने काही करणार नाही. काकांचा आवाज खाली जात चाललाय, दुपारनंतर तर शब्द लागत नाहीत. म्हणून रविवारी सकाळीच त्यांच्या कामाची हकीकत लिहून घेते: कुठलं वर्ष, कुठलं काम, डबा कसा दिसायचा. १९८०च्या आसपास वास्को-मुरगाव भागात वर्कशॉपमध्ये काम केलेलं कोणी इथे असेल, किंवा कोणाचे वडील असतील, तर ग्रीस धुवायला तिथे काय वापरत ते आठवेल तेवढं कळवा.