मदत हवी आहे: वाइनबरोबर चॉकलेट कडू का लागतंय? शनिवारी पाहुणे आहेत

जास्वंद (इंदूर)
शनिवारी यांच्या ऑफिसातली चार जोडपी जेवायला येताहेत. जेवणानंतर वाइन आणि चॉकलेट ठेवू, असं मीच सुचवून बसले. काल रात्री आम्ही दोघांनी करून पाहिलं तर तोंड पार तुरट झालं. वाइन चांगली होती, चॉकलेटही चांगलं. वेगवेगळं छान लागतं, एकत्र घेतलं की कडूजहर. काय चुकलं? लवकर सांगा, उद्याच खरेदीला जायचंय.

द्राक्षवेल
'चांगली' म्हणजे कोणती? लाल की पांढरी? गोड की ड्राय? चॉकलेटमध्ये कोको किती टक्के?

मालवी माणूस
ताई, कशाला हा खटाटोप? रात्री सगळ्यांना सराफ्यात, म्हणजे सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत न्या. भुट्ट्याचा कीस, वर गरम जिलेबी. इंदूरला आलेला पाहुणा त्यावरच खूश होतो.

जास्वंद
सगळे इथलेच आहेत हो, सराफा नेहमीचाच. वाइन लाल, शिराझ द्राक्षाची, ड्राय. चॉकलेट 85 टक्के. महाग होतं म्हणून तेच घेतलं.

द्राक्षवेल
मग बरोबर. ड्राय लाल वाइनमध्ये साखर जवळजवळ उरलेलीच नसते, वर द्राक्षाच्या सालींतलं टॅनिन, म्हणजे तोंड तुरट करणारा घटक. कोकोतही तुरटपणा असतोच. दोन्हींची बेरीज तुमच्या जिभेवर झाली. त्याच शिराझबरोबर मिल्क चॉकलेट खाल्लंत तर उलट होईल, चॉकलेटच्या गोडीपुढे वाइन आंबट वाटेल. वाइन चॉकलेटपेक्षा गोड हवी, निदान तेवढी तरी. लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां ही गोड पांढरी वाइन बघा, नाशिकच्या सुला वायनरीची मिळते. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून, साखर वाढल्यावर तोडतात. तिच्याबरोबर मिल्क किंवा व्हाइट चॉकलेट.

पोर्टप्रेमी
एवढं कशाला? पोर्ट आणा! पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचं स्पिरिट घालतात, यीस्ट थांबतं आणि साखर तशीच राहते. अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे पेले लहान ठेवा. 70 टक्केवाल्या चॉकलेटला याहून चांगली जोडी नाही. ती नाही मिळाली तर गोव्याची पोर्ट.

द्राक्षवेल
गोव्याची पोर्ट आणि डोरोची पोर्ट यांत फक्त नाव सारखं आहे. पाहुण्यांसमोर ती ठेवू नका.

पोर्टप्रेमी
ती गोड असते, आणि गोड हवी असं तुम्हीच वर लिहिलंय. आमच्या घरी कितीतरी वर्षं मिल्क चॉकलेटबरोबर तीच असते. स्वस्त आहे म्हणून नाक मुरडू नये.

बडोदेकर
आमच्या गुजरातेत दारूबंदी, परमिटशिवाय वाइन नाही. आम्ही काळ्या द्राक्षांचा ताजा रस आणि डार्क चॉकलेट घेतो, सुंदर लागतं. न पिणारं कुणी असेल तर त्यांच्यासाठी जरूर ठेवा.

शमी
पाहुण्यांत कुणी कट्टर शाकाहारी, जैन वगैरे? काही वाइन नितळ करताना अंड्याचा पांढरा भाग किंवा माशाच्या पिशवीपासून केलेलं आइसिंग्लास वापरतात. आमच्याकडे एकदा हे नंतर कळलं आणि मला फार वाईट वाटलं. आधी विचारून घ्या.

जास्वंद
एक जोडपं जैन आहे, पण ते पीतच नाहीत. त्यांना द्राक्षाचा रस, बडोदेकरांचे आभार! पण वाइन बाहेर ठेवू की फ्रिजमध्ये? इथे 40 अंश आहे.

द्राक्षवेल
बाहेर मुळीच नको. लेट हार्वेस्ट चांगली गार करा, 8–10 अंशांपर्यंत. चॉकलेटही पंख्याखाली ठेवू नका. कोकोबटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, ताटलीत खीर होईल. हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, वाढायच्या जरा आधी काढा.

जास्वंद
आज लेट हार्वेस्टची छोटी बाटली आणली. मिल्क चॉकलेटबरोबर सुरेख! कालचा कडवटपणा अजिबात नाही. 55 टक्केवाल्याबरोबर ठीक. 85 टक्केवालं मात्र याच्याबरोबरही कडूच, ते शनिवारी काढणार नाही. उघडलेल्या शिराझचं काय करू?

मालवी माणूस
बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा. उद्या मटणाचा रस्सा करा, त्याच्याबरोबर संपेल.