उल्हासनगरची एक तरी बॅरॅक जशीच्या तशी राखावी का?

टिळकचौक: उल्हासनगरात पत्ता अजूनही 'बॅरॅक नंबर अमुक, रूम नंबर तमुक' असाच सांगतात. त्या पत्त्यावर जाऊन पाहा, बॅरॅक सापडली तर शपथ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळ सैनिकांसाठी ही छावणी उभारली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर निर्वासितांना सरकारने त्याच बॅरॅकींत आणून ठेवलं आणि 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींच्या हस्ते गावाची कोनशिला बसली. लष्करी इमारतीत घरं झाल्याचं आपल्याकडे याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही. आता पुनर्विकासाच्या रेट्यात उरलेल्याही जातील. माझं म्हणणं एवढंच, की महापालिकेने एक अख्खी बॅरॅक बाजारभावाने विकत घ्यावी आणि लोकांना आत जाऊन बघता येईल अशी ठेवावी.

रूमनंबर६: साहेब, तुम्ही राहता कुठे? मी बॅरॅकीत राहतो. आमच्या वडिलांनी ही रूम एका सिंधी कुटुंबाकडून घेतली. डावीकडच्याने तीन मजले चढवलेत, उजवीकडचं जुनं उतरतं छप्पर तसंच आहे, मध्ये आम्ही. डावीकडच्याच्या स्लॅबचं पाणी थेट आमच्या पत्र्यावर पडतं. त्याने पाया खणला तेव्हा सामाईक भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला, तो मी दर उन्हाळ्यात सिमेंटने बुजवतो आणि पावसाळ्यात तो पुन्हा उघडतो. हे 'बघायला' लोक येणार असतील तर आधी पत्रे बदलून द्या.

टिळकचौक: @रूमनंबर६ तुम्हाला तिथेच राहा असं कुणी म्हटलंय? विकत घ्या म्हटलंय.

मोजणीदार: 'विकत घ्या' म्हणणं सोपं आहे. 1954 च्या निर्वासित पुनर्वसन कायद्याखाली या जागा राहणाऱ्यांच्या नावावर झाल्या, त्याही खोली-खोलीने. म्हणजे एका बॅरॅकीला तितके मालक. त्यातले काही वारले, काहींनी नुसत्या स्टँपपेपरवर रूम विकली, काहींच्या सनदेचाच पत्ता नाही. पुनर्विकास अडतो तोही इथेच. बिल्डर सगळ्यांच्या सह्या जमवता जमवता म्हातारा होतो, तिथे महापालिका काय करणार?

दुसरी गोष्ट, 'जशीच्या तशी' म्हणजे कधीची? सैनिकांच्या खाटा लावलेला सलग हॉल, की त्यात गोणपाटाचे आडपडदे लावून केलेले संसार, की नंतरच्या विटांच्या भिंती? एक दाखवायचं तर बाकीचं पाडावं लागेल.

टिळकचौक: मुद्दा मान्य. मला गोणपाटवालं हवंय. खाटा मांडलेले हॉल इंग्रजांनी जिथे जिथे छावणी केली तिथे होते, त्यांचं कौतुक नाही.

दादीचीनात: मी सिंधी, तिसरी पिढी. आमची दादी कराचीहून बोटीने आली. पलीकडच्या बिऱ्हाडात कोण खोकलं, कोण रडलं, सगळं ऐकू यायचं आणि संडासासाठी पहाटे रांग लागायची, असं ती सांगायची. पहिली संधी मिळताच आजोबांनी भिंत घातली आणि तिने गोणपाट चुलीत घातलं. ते आता सरकारी पैशाने पुन्हा टांगणार? आमच्या लोकांनी या 13 चौरस किलोमीटरमध्ये फर्निचर, जीन्स, काय काय उभं केलं, ते दाखवा. जिथून बाहेर पडायला तिने जिवाचं रान केलं, तिथे मी मुलांना तिकीट काढून नेणार नाही.

गावठाण: सिंधी बांधवांबद्दल राग नाही. पण छावणीच्या आधी इथे काय मोकळं माळरान होतं का? युद्धाच्या नावाखाली जमिनी गेल्या त्या या पट्ट्यातल्या गावांच्या. जवळच नेवाळीला धावपट्टीसाठी घेतलेली जमीन परत मिळावी म्हणून 2017 च्या जूनमध्ये रस्ते पेटले होते, विसरलात? उद्या बॅरॅकीचं स्मारक झालं तर पाटीवर जमीन कुणाची हेही लिहा.

करवीर: कोल्हापूरजवळ वळिवडे. युद्धाच्या काळात तिथे पोलंडचे सुमारे 5,000 निर्वासित राहिले. ते गेल्यावर त्याच वसाहतीत सिंधी कुटुंबं आली आणि आज ते गांधीनगर, कापडाची मोठी बाजारपेठ. पोलंडची माणसं अजून लहानपणचं घर शोधत येतात. गंमत म्हणजे तिथे आठवण आहे ती पोलिश लोकांची. नंतर आलेल्या सिंध्यांची कोण काढतो? त्यामुळे माझं मत टिळकचौक यांच्या बाजूने.

मोजणीदार: @करवीर पोलिश लोक घर सोडून गेले, म्हणून त्यांना त्याची ओढ. इथली माणसं अजून आत आहेत, फरक तो आहे. शिवाय या शहरात उच्च न्यायालयापर्यंत 855 अनधिकृत इमारतींचं प्रकरण गेलं, 2006 मध्ये त्या नियमित करायला खास कायदा करावा लागला. 2021 च्या मे महिन्यात एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. असल्या गावात महापालिकेचा पहिला रुपया जुन्या छपरावर घालवायचा, हे मला तरी पटत नाही. बॅरॅकीची मोजमापं घ्या, नकाशे काढा, ऐंशी-नव्वदीतल्या बायकांना बोलतं करा. खर्च नगण्य, आणि कुणाचं घरही अडत नाही.

टिळकचौक: नकाशा कपाटात जातो हो. आठ बाय दहाच्या जागेत सात माणसं म्हणजे काय, हे त्या जागेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. दादीचीनात यांचा राग समजतो, पण त्यांच्या मुलांनाच ते माहीत नसेल, तर दादीने काय पार केलं हे त्यांना कळणार कसं?

दादीचीनात: मी सांगेन. घरी, जेवताना.

रूमनंबर६: एवढी चर्चा झाली, भावाचं कुणीच बोललं नाही. बाजारभाव म्हणजे आजच्या पडक्या रूमचा, की पुनर्विकासात मिळेल त्या फ्लॅटचा? दुसरा असेल तर उजवीकडच्याशी आजच बोलतो. डावीकडचा ऐकणार नाही, त्याने खाली मोबाइलचं दुकान काढलंय.