राजापूर ते रत्नागिरी-सिंधुदुर्ग : एका मतदारसंघाचा निवडणूक इतिहास लिहिताना (अनुभव धागा)

लोकसभेच्या एका जागेचा १९५२ पासूनचा तक्ता करायला बसलं की पहिल्या तासाला हुरूप असतो, दुसऱ्या तासाला आकडे जुळेनासे होतात. ज्यांनी असे तक्ते केलेत त्यांनी नेमकं कुठे अडतं ते लिहावं. किस्से नकोत, कामाचं लिहा. नमुन्याला तळकोकणाची जागा घेऊ.

सांगाडा असा : १९५२ ला मुंबई राज्यातल्या 'रत्नागिरी दक्षिण'मधून काँग्रेसचे मोरेश्वर जोशी. मग 'राजापूर' : १९५७, ६२, ६७ ला बॅ. नाथ पै, १९७१, ७७, ८०, ८४, ८९ ला मधू दंडवते, १९९१ ला काँग्रेसचे सुधीर सावंत, १९९६, ९८, ९९, २००४ ला शिवसेनेचे सुरेश प्रभू. पुढे 'रत्नागिरी-सिंधुदुर्ग' : २००९ ला नीलेश राणे, २०१४ व १९ ला विनायक राऊत, २०२४ ला नारायण राणे.

सावंतवाडीहून

सांगाडा बरोबर आहे, पण २००४ आणि २००९ च्या मध्ये एक जाड रेघ मारा. १९७१ च्या जनगणनेवरची मतदारसंघांची पुनर्रचना १९७७ ते २००४ चालली. २००१ च्या जनगणनेवरची २००८ ला आली आणि २००९ ला पहिल्यांदा वापरली गेली. आता सहा विधानसभा क्षेत्रं आहेत : चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. मालवण, देवगड, वेंगुर्ला ही जुनी विधानसभा नावं गेली. मालवण तालुका कुडाळमध्ये, देवगड कणकवलीत, वेंगुर्ला सावंतवाडीत. त्यामुळे २००४ च्या मालवणचे आकडे २००९ च्या कुडाळसमोर मांडणं म्हणजे वेगळ्या मापाने तांदूळ मोजणं.

क्रमांकही फसवतो. जुन्या यादीत राजापूर महाराष्ट्रातला १ नंबरचा मतदारसंघ होता, गणती दक्षिणेकडून होती. आता १ नंबर नंदुरबार आणि ही जागा ४६. निव्वळ क्रमांकावर दोन वर्षांचे तक्ते जोडणारे इथे हमखास पडतात.

चिपळूणहून

आमच्याकडचा गोंधळ उलटा. जुन्या 'रत्नागिरी' लोकसभा जागेचे शेवटचे खासदार अनंत गीते (१९९६ ते २००४ चारदा). दापोली आणि गुहागर २००९ पासून रायगड मतदारसंघात गेले आणि गीतेही रायगडातून लढले. म्हणून 'रत्नागिरी' नावाखाली गीते शोधाल तर ते २००४ लाच संपतात.

रायगडचं २०१४ बघितलंच तर उमेदवाराचं पूर्ण नाव तपासल्याशिवाय मतं टिपू नका. गीते सुनील तटकरेंविरुद्ध २,११० मतांनी जिंकले, आणि सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मतं होती. दोन 'तटकरे' एका ओळीत बेरजेला गेले की पराभूत उमेदवार विजयी दिसतो!

गिरगावातून

पक्षाच्या रकान्याबद्दल. निवडणूक आयोगाच्या १९७७ च्या अहवालात दंडवत्यांपुढे 'बीएलडी' दिसेल. ते भारतीय लोकदलात गेले नव्हते. जनता पक्षाने ती निवडणूक लोकदलाच्या चिन्हावर लढवली, म्हणून अहवालात तेच नाव. माणूस तोच, पण अहवालातली नावं पाहा : १९७१ ला प्रजा समाजवादी, ७७ ला लोकदल, ८० आणि ८४ ला जनता, ८९ ला जनता दल. माझं मत : दोन रकाने करा, एकात अहवालातलं नाव जसंच्या तसं, दुसऱ्यात प्रत्यक्ष पक्ष. एकच रकाना ठेवून 'दुरुस्त' केलं की पुढचा माणूस मूळ अहवालाशी ताळा करू शकत नाही.

आणखी एक. नाथ पै १८ जानेवारी १९७१ ला गेले, म्हणून पोटनिवडणूक शोधत बसू नका. लोकसभा २७ डिसेंबर १९७० लाच विसर्जित झाली होती, त्यामुळे पोटनिवडणुकीचा प्रश्नच नव्हता. दंडवते त्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत आले.

रत्नागिरीहून

जिल्ह्याचाही घोळ आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीच्या कागदात 'रत्नागिरी जिल्हा' म्हणजे बांद्यापर्यंतचा सगळा.

मतदारसंख्येची रेषा काढताना १९८९ ला खूण करा. मतदानाचं वय २१ वरून १८ झालं, ती त्या वयाने झालेली पहिली लोकसभा निवडणूक. ८४ ते ८९ मधली उडी लोकसंख्येची समजून लिहिलेले लेख पाहिलेत. मागे १९५२ आणि ५७ ला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची. मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत नंतर आली. म्हणून त्या काळच्या बाद मतांची तुलना पुढच्यांशी करू नये.

देवगडहून

गावपातळीवर जायचं असेल तर नमुना २०, म्हणजे आयोगाचा केंद्रनिहाय मतांचा अंतिम निकालतक्ता. तो विधानसभा क्षेत्रवार असतो, म्हणजे या जागेसाठी सहा तक्ते, प्रत्येकात केंद्रनिहाय ओळी. क्रम असा ठेवा : आधी प्रत्येक तक्त्यातली केंद्रांची बेरीज खालच्या एकूण आकड्याशी, मग सहांची बेरीज, मग टपाली मतं. टपाली मतं केंद्राच्या ओळीत नसतात, ती अखेरीस मिळवली जातात. फरक आला तर नव्वद टक्के वेळा तो तिथेच असतो. उरलेला फरक स्कॅन केलेल्या पानातल्या ३ आणि ८ चा.

केंद्र क्रमांकावर विसंबू नका. मतदार वाढले की केंद्राचे दोन होतात आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. जुळवणी गाव आणि शाळेच्या नावावर करा, वाडीचं नाव असेल तर उत्तम.

सावंतवाडीहून (पुन्हा)

मताधिक्याचा रकाना राहिला. २००९ ला ४६,७५०, २०१४ ला १,५०,०५१, २०१९ ला १,७८,३२२, २०२४ ला ४७,८५८. पहिला आणि शेवटचा आकडा सारखाच वाटतो. पण २००९ ला पहिल्या दोघांची मतं मिळून ६,६१,०८० होती (३,५३,९१५ व ३,०७,१६५), २०२४ ला ८,४९,१७० (४,४८,५१४ व ४,००,६५६). म्हणजे या बेरजेच्या हिशोबात फरक ७.१ टक्क्यांवरून ५.६ वर आला. टक्का कशाचा ते रकान्याच्या डोक्यावर लिहाच. कुणी वैध मतांचा घेतो, कुणी झालेल्या मतदानाचा.

चिपळूणहून

त्याला जोडून : २०१४ पासून नोटाची ('वरीलपैकी कोणीही नाही') ओळ आहे. अनामत वाचायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात आणि त्या वैध मतांत नोटा धरत नाहीत. नोटासकट भागाकार केला तर काठावरचा उमेदवार उगाच अनामत गमावतो, कागदावर.