‘स्टेला’ या नावाचा अर्थ आणि व्युत्पत्ती

अमळनेरच्या एका घरात मुलीचे नाव ‘स्टेला’ ठेवायचे घाटत असून, ‘या नावाला काही अर्थ तरी आहे का?’ असे वडीलधाऱ्यांनी विचारले आहे. अर्थ आहे आणि तो अगदी स्वच्छ आहे. लॅटिनमध्ये ‘स्टेला’ म्हणजे तारा. इटालियन भाषेत ताऱ्याला आजही हाच शब्द रोजच्या बोलण्यात वापरतात.

ऋग्वेदात ‘ताऱ्यांनी’ या अर्थी ‘स्तृभिः’ असे रूप येते. त्यातला ‘स्तृ’, ग्रीक ‘अस्तेर’, फारसी ‘सितारा’, इंग्रजी ‘स्टार’ आणि लॅटिन ‘स्टेला’ हे सगळे एकाच कुळातले शब्द असून, आपला ‘तारा’देखील आरंभीचा ‘स्’ गळून त्याच कुळातून आलेला आहे. एवढ्यावरून लॅटिनने हा शब्द संस्कृतातून उचलला असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो, तो कटाक्षाने टाळावा. दोन्ही भाषांना तो त्यांच्याहून जुन्या अशा एका समान पूर्वज भाषेकडून वारशाने मिळाला आहे.

युरोपात या नावाला मारियामातेच्या ‘स्टेला मारिस’, म्हणजे ‘सागराचा तारा’, या बिरुदामुळे धार्मिक वलय लाभले. हे बिरुद मुळात ‘स्टिला मारिस’, म्हणजे ‘सागराचा थेंब’, असे होते आणि नकला करताना एक स्वर बदलून थेंबाचा तारा झाला, असे अभ्यासक मानतात. इंग्रजीत हे नाव रुळले ते फिलिप सिडनी यांच्या १५९१ साली छापल्या गेलेल्या सुनीतांमधील नायिकेमुळे. भारतीय मंदिरशिल्पाच्या थोर अभ्यासक स्टेला क्रॅमरिश (१८९६–१९९३) कोलकाता विद्यापीठात शिकवीत, त्यामुळे आपल्याकडच्या कलाभ्यासकांना हे नाव मुळीच परके नाही.

आजीच्या तोंडी ‘इस्टेला’ येते, ही तक्रार मला गैरलागू वाटते. ‘स्टेशन’चे ‘इस्टेशन’ करताना आपण जोडाक्षरापूर्वी जो स्वर घेतो, तसाच स्वर घेऊन फ्रेंचांनी ‘एस्तेल’ आणि स्पॅनिश लोकांनी ‘एस्त्रेया’ हे शब्द घडवले, आणि दोन्ही तिकडे मुलींची प्रतिष्ठित नावे आहेत. तेव्हा बारशाला फुईने बाळाच्या कानात कोणताही उच्चार केला तरी चालेल. जन्मदाखल्यावर मात्र ‘स्टेला’ असेच लिहून घ्यावे.