नाकाशी सूत धरून काय कळणार?

कुणी कुणी म्हणतं की श्वास थांबला म्हणजे माणूस गेला, एवढं जुन्या डॉक्टरांना पुरेसं होतं. नाही हो! पॅरिसच्या विन्स्लो या शरीररचनाशास्त्रज्ञाने १७४० च्या दशकातच बजावलं होतं, देह कुजू लागल्याशिवाय खात्री धरू नका. १८१६ मध्ये फ्रेंच डॉक्टर लाएनेकचा स्टेथोस्कोप आला, तेव्हा कुठे हृदय नीट ऐकायची सोय झाली.

आमच्याकडे खानदेशात, यावल-रावेरला, पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते. दंश कळतही नाही बऱ्याचदा. पहाटे पापण्या उघडत नाहीत, बाहुल्या उजेडाला हलत नाहीत, मग श्वासही बंद. नाडी मात्र काही वेळ चालू असते! भगताकडे नेलं की कारभार आटोपलाच. वेळेत व्हेंटिलेटरवर घेतलेले असे ‘मेलेले’ मात्र काही दिवसांत उठून बसतात. शिवाय लुळं पडलं तरी शुद्ध शाबूत असू शकते, म्हणजे उशाशी चाललेली रडारड सगळी ऐकू येणार.